बाटली संपेपर्यंत

सीरमची बाटली एव्हाना संपायला हवी होती आणि ती संपली नव्हती. घडलं ते एवढंच. सकाळी तोंड धुतलं, ओल्या चेहऱ्यानेच बेसिनवरच्या फळीवरून बाटली उचलली आणि ती हाताला जड लागली. खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. देवदिवाळीच्या सुमारास आणलेली, अंगठ्याएवढी काचेची बाटली. रोज सकाळ-संध्याकाळ त्यातले थेंब मी गालांवर लावतेय. संक्रांत होऊन गेली, आणि आतलं पाणी अजून बाटलीच्या खांद्याला टेकलेलं. इतके दिवस माझ्या लक्षात कसं आलं नाही? दुसरी कुणी म्हणाली असती, बरंच झालं, पुरवठ्याला आली. मला मात्र ते खटकलं. कमी झालेल्या वस्तूचं कारण शोधता येतं, कुणावर तरी डाफरता येतं. न संपणाऱ्या वस्तूबद्दल कुणाकडे तक्रार करायची? मी दोन थेंब तळहातावर घेतले. सुरुवातीला ते दोन बोटांत धरून बोटं फाकवली की तार सुटायची. आज ते मनगटावरून कोपराकडे सरळ ओघळत गेलं, आणि उरलेलं गालाला लावलं तेव्हा गाल चरचरला.

संशय माझ्या स्वभावात आहे, असं माझा नवरा देवव्रत म्हणतो. स्वभावाचं माहीत नाही, माझ्या पगारात तो नक्की आहे. आम्ही राहतो काशीत. गंगेपलीकडे रामनगरला आमच्या बँकेची शाखा आहे, तिथे माझ्या टेबलावर रोज माणसांचे चेहरे येतात आणि त्यांच्यासोबत त्यांचे फोटो येतात. हा फोटो याच माणसाचा का, हे ठरवायचं काम माझं. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणूस समोर आला की आधी त्याचे कान बघायची सवय लागते, कारण कान बदलत नाहीत. चेहरा बदलतो. माझाच बदलला. मी कोल्हापूरची. तिथल्या हवेत वाढलेल्या पोरीला चेहऱ्याला काही लावावं लागतं हेच माहीत नव्हतं. लग्नाच्या बोलणीत सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, माझ्या हनुवटीला बोट लावून म्हटलं होतं, "चेहरा कसा ओला-ओला आहे हो पोरीचा, एकदम ताजा." मला तेव्हा ते भाजी निवडल्यासारखं वाटलं होतं. आता त्याच चेहऱ्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंना साल सुटते, पुलावरून स्कूटीने जाताना पछुआ, म्हणजे पश्चिमेचा कोरडा वारा, लागला की डोळ्यांखाली आग होते, आणि गोष्ट अशी की मी रोज दोनदा एवढी मोठी नदी ओलांडते.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई नीट बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, कोरडी त्वचा वेगळी आणि तहानलेली वेगळी. तुमची तहानलेली आहे, वर नाजूकही, त्यामुळे जे लावाल ते तिला झोंबतं. महागडं काही नको. सुगंध नसलेलं साधं स्वस्त सीरम घ्या, पाणी धरून ठेवणारं, आणि ते ओल्या चेहऱ्यावरच लावा. कोरड्या चेहऱ्यावर, कोरड्या हवेत लावलंत तर ते आतलंच पाणी ओढून बाहेर घालवेल. वरून साधं क्रीम. एक बाटली संपेपर्यंत बघा. नाही फरक पडला तर मग इथलं हवापाणीच तुम्हाला मानवत नाही असं समजू. हे शेवटचं वाक्य मी घरी जसंच्या तसं आणलं. रात्रीच्या जेवणाला आई वाढत होत्या, देवव्रत फोनवर कुणाच्या तरी मेसेजला अंगठ्याचं चित्र पाठवत होता. मी म्हटलं, "ही एक बाटली संपेपर्यंत बघते. नाही उतरलं तर बँकेने विचारलंच आहे, मी कोल्हापूरकडची बदली घेते." वाक्य मी चेहऱ्यावर ढकललं होतं, पण तिघांनाही माहीत होतं की ते चेहऱ्यापुरतं नाही. देवव्रत नुसता "देखते हैं" म्हणाला. त्याची शाळेतली नोकरी त्याला तिकडेही मिळाली असती, तसं त्याने आधी कबूलही केलं होतं. प्रश्न आईंचा होता. बाबा, म्हणजे माझे सासरे, गेल्यावर आईंनी काशीवास घेतला. आता त्या काशीची हद्द ओलांडत नाहीत. समोर दिसणाऱ्या रामनगरलासुद्धा येत नाहीत, कारण त्या तीरावर मरण आलं तर काय, ही त्यांना धास्ती. आम्ही गेलो तर त्या तीन खोल्यांत त्या एकट्या राहणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. त्या रात्री त्यांनी माझ्या ताटात भात वाढला आणि वरण वाढायला विसरल्या.

पहिले काही दिवस सीरमने चांगला फरक पडला. गाल शांत झाले. एकदा आरशात मला कोल्हापूरची मी दिसले, आणि खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं, कारण बरं झालं तर बदली कशाच्या नावावर मागायची? मग हळूहळू चरचर परत आली, कपाळावर बारीक पुरळ उठलं. मी मनात म्हटलं, चला, म्हणजे उपाय हरला. आणि बाटली आपसूक संपेल म्हणून तिच्याकडे न बघता दिवस काढत राहिले. ती संपेना.

पहिला संशय दुकानदारावर. बाटली मी रामनगरच्या चौकातल्या औषधाच्या दुकानातून घेतली होती, किंमत इतकी कमी की घेतानाच मनात पाल चुकचुकली होती. दुकानदार अनिश, नुकतंच मिसरूड फुटलेला, पण बोलायला पक्का. जेवणाच्या सुट्टीत मी बाटली त्याच्यासमोर ठेवली. "यह असली है?" त्याने उलटी-सुलटी करून पाहिली, आकडे वाचले. "सौ टका असली, मैडम. क्या दिक्कत है, जल्दी खतम हो गया?" मी म्हटलं, "नहीं. खतम नहीं हो रहा." त्याने बाटली खाली ठेवली. मागे उभं असलेलं गिऱ्हाईकही पान चघळायचं थांबलं. मग अनिश अगदी समजुतीने म्हणाला, "मैडम, नकली माल कम निकलता है. जादा निकले, ऐसा नकली तो हमको भी चाहिए." दोघं हसले. मीही हसले आणि बाटली पर्समध्ये टाकली. परत येताना मात्र डोक्यात एकच फिरत होतं. दुकानातून बाटली खरी निघाली होती. म्हणजे जे काही झालं ते घरात झालं.

घरात माणसं तीन. त्यातली एक मी. देवव्रतला विचारलं तेव्हा तो दाढी करत होता. "तू माझ्या सीरममध्ये पाणी घालतोस?" तो आरशातूनच म्हणाला, "अगं, मला सीरम कुठलं आणि शांपू कुठला ते कळत नाही. मी कशाला घालू?" "मग कोण घालतं?" त्याने वस्तरा धुतला. "कोई नहीं घालत. तुला वाटतंय. ऋता, तू ना, गंगेवरसुद्धा शक करशील." हे तो सहज बोलला, पण बोलताना त्याने माझ्या डोळ्यांना डोळा दिला नाही, असं मला वाटलं. आरशातून बोलणाऱ्याचे डोळे कुठे असतात हे नक्की सांगता येत नाही, तरी मी ते नोंदून ठेवलं. त्याला काही माहीत आहे का? माहीत असून तो गप्प आहे का? हा माणूस भांडण नको म्हणून वाट्टेल ते पोटात ठेवू शकतो, आणि त्याच्या आईच्या बाबतीत तर ठेवतोच.

म्हणजे उरल्या आई. हे नाव माझ्या मनात शेवटी आलं असं मी इथे लिहितेय, पण ते पहिल्या सकाळीच आलं होतं, मी फक्त त्याला रांगेत मागे उभं केलं होतं. एकदा ते पुढे आल्यावर बाकीचं सगळं आपोआप जुळत गेलं. आईंना माझी ही बाटल्यांची फळी आवडत नाही. "आम्ही तर साईचं लावायचो, मलाई आणि जरासं बेसन," हे त्या किती वेळा बोलल्या असतील. मी तोंडाला काही लावत असले की त्या दारातून जाताना थांबतात, आणि मी पाहिलं की पुढे सरकतात. माझा चेहरा लाल झाला की पहिल्यांदा त्यांच्या लक्षात येतं. "अगं, आज फारच दिसतंय गालावर, परेशानी होतेय का खूप?" हे विचारताना आवाजात काळजी असते, पण काळजी आणि समाधान यांचा आवाज कधी कधी सारखाच येतो. बँकेत माझ्याकडे येणारे भामटेही अतिशय नम्र असतात. आणि कारण? कारण तर उघड होतं. त्यांना माझा राग होता. त्यांचा मुलगा मी घेऊन जाणार होते. मग जाताना हिने आपला चांगला चेहरा तरी सोबत नेऊ नये, असं एखाद्या बाईला वाटू शकतं. मला वाटलं असतं.

आईंचा दिवस पाण्याचा असतो. पहाटे घाटावर स्नान, येताना कळशी. ते पाणी फडक्याने गाळून देवघरातल्या तांब्याच्या घागरीत. महाराष्ट्रातून येणारी ओळखीची माणसं आमच्याकडे उतरली की जाताना त्यांना गंगा द्यायची असते, ती त्या घागरीतून. आणि घागरीचा नियम असा की ती कधी रिकामी होऊ द्यायची नाही. तळाशी थोडं असतानाच वरून नवं घालायचं, म्हणजे जुनं आणि नवं सगळं एकच राहतं. नव्या सुनेला हे सांगताना त्यांनी माझा हात धरून घागरीत घातला होता, किती उरलं की भरायचं ते बोटांना कळावं म्हणून. पाणी इतकं गार होतं की मी हात ओढून घेतला. बाबा आजारी होते तेव्हाही आई त्यांच्या उशाशी वाटी घेऊन बसल्या होत्या. पळीने थेंब-थेंब गंगा तोंडात. ते गिळत नव्हते, पाणी गालावरून उशीवर उतरायचं, तरी वाटी अर्धी झाली की आई उठून भरून आणायच्या. दुपारी केव्हातरी कुणी भेटायला आलं, बोलण्यात त्यांचं लक्ष राहिलं नाही, आणि वाटी कोरडी झाली. त्या लगबगीने देवघरात गेल्या. परत आल्या तेव्हा बाबा गेलेले होते. माणसं बाबांना मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर नेऊन परत आली तरी त्या भरलेली वाटी हातात घेऊन बसलेल्या मला आठवतात. तेव्हा मला त्यांची फार दया आली होती. आता त्या आठवणीलाही मी संशयाने तपासत होते, त्यात काही वेगळं दिसतंय का म्हणून.

मी खूण केली. काजळाच्या पेन्सिलीने बाटलीवर बारीक रेघ ओढली, मागच्या बाजूला, जिथे कागद चिकटवलेला असतो त्याच्या कडेला. करताना मला एक आनंद होत होता, हे मी नाकारणार नाही. मला पुरावा हवा होता. मला आईंचा गुन्हा हवा होता. बदलीची संमती सोमवारपर्यंत कळवायची होती, आणि जिने माझ्या चेहऱ्याचं वाटोळं केलं तिला एकटं सोडून जाणं कितीतरी सोपं होतं. गुन्हा सापडला असता तर मी मान वर करून गेले असते. देवव्रतही काही बोलू शकला नसता. मी मनातल्या मनात कोल्हापूरच्या घरात खुर्च्यासुद्धा लावून टाकल्या होत्या, आणि त्या मांडणीत एकाही कोपऱ्यात आई नव्हत्या, ते बघून मला सुटल्यासारखं वाटत होतं.

रविवारी सकाळी मी भाजीला म्हणून बाहेर पडले आणि गल्लीच्या तोंडाशीच परत फिरले. पिशवी विसरले होते. विसरले होते की विसरायचं ठरवलं होतं, देव जाणे. चपला हातात घेऊन जिना चढले. दार नुसतं लोटलेलं. देवव्रत आतल्या खोलीत घोरत होता. बेसिनपाशी आई उभ्या होत्या, स्नान करून आलेल्या, केसांचं पाणी अजून पाठीवर. माझ्या बाटलीचं झाकण त्यांनी नीट एका वाटीत काढून ठेवलं होतं. डाव्या हातात बाटली, उजव्यात देवघरातली पळी. पळी बाटलीच्या तोंडाशी नेऊन त्या थेंब-थेंब आत सोडत होत्या, एकही सांडू न देता, ओठांशी काहीतरी पुटपुटत. माझी रेघ त्यांच्या अंगठ्याखाली होती.

"आई, काय करताय?"

त्या दचकल्या नाहीत. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. पळीतलं उरलेलं पाणी त्यांनी आधी बाटलीत संपवलं, मग वळल्या. "काही नाही गं. भरून ठेवत होते. खाली गेलं होतं."

"कधीपासून?"

"तू आणलीस तेव्हापासून. थोडं कमी झालं की भरते."

इतकं सरळ उत्तर मला नको होतं. मी तयारी केली होती ती त्यांच्या नाकारण्याची, रडण्याची, देवव्रतला हाक मारण्याची. "अहो, ते औषध आहे! त्यात पाणी घालून चालतं का? माझा चेहरा बघा. आग होतेय त्याने. हे पुरळ बघा. तुम्ही केलंत हे."

आई पुढे आल्या. माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला ओळखता येईना, आणि ओळखणं तर माझं रोजचं काम. "गंगेने?" त्या म्हणाल्या. "गंगेने आग होते का गं कुणाला?" आणि पळीला चिकटून राहिलेला थेंब त्यांनी स्वतःच्या गालाला लावून पाहिला, जसं दूध फार गरम नाही ना ते मनगटावर बघतात. "मला तर काही होत नाही."

"पण घातलंत कशाला? तुम्हाला कुणी सांगितलं होतं भरायला?"

"तूच तर म्हणालीस," आई म्हणाल्या. "जेवताना. बाटली संपेपर्यंत बघते म्हणालीस, आणि संपली की जाते." त्यांनी बाटलीचं झाकण उचललं, पण ते लावायचं त्यांना सुचेना. "मग मी म्हटलं, संपू नाही द्यायची. मला काय येतं दुसरं? दुकानात जाऊन नवी आणली असती, पण तू रामनगरहून आणतेस. मी पूल कशी ओलांडणार? घरात जे होतं ते घातलं. नाराज नको होऊस."

मला त्यांचा राग आला होता, खरा, चेहऱ्याच्या आगीसकट, आणि तो जातही नव्हता. पण त्याला ठेवायला जागा राहिली नव्हती. इतके दिवस जमवलेलं सगळं माझ्या हातात होतं, दारात थांबणं, आवाजातलं समाधान, न दचकणं, आणि एकेक वस्तू आता दुसरीच दिसत होती. बाई दारात थांबत होती ती बाटलीत किती उरलं ते बघायला. लाल गाल पहिल्यांदा तिच्या लक्षात यायचे, कारण तिचा जीव तिथेच टांगलेला होता. तरी माझ्यातली बँकवाली गप्प बसेना. ती म्हणाली, बघ, किती हुशार आहेत, आता तू जाशील कशी? मी तिचंही ऐकलं. दोन्ही एकदम खरं असू शकतं, असं मला पहिल्यांदा वाटलं, आणि मी फार दमले.

मी त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि बेसिनवर उलटी करणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं. एवढा जोर त्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं. "मोरीत नको गं. गंगा आहे त्यात."

मग आम्ही दोघी खाली उतरलो. आई पुढे, मी मागे. अमृतराव घाटावर रविवारची गर्दी अजून झाली नव्हती. एक गुरुजी यजमानाला दर्भाचं काहीतरी शिकवत होते, छत्रीखाली चहावाला शेगडी पेटवत होता. "पायरीला शेवाळ आहे, सांभाळून," आई म्हणाल्या, आणि स्वतःच घसरता घसरता माझ्या दंडाला धरून सावरल्या, आणि धरलेला हात तसाच ठेवला. समोर वाळू, त्यापलीकडे धुक्यात रामनगर, जिथे उद्या मला सकाळी बसून होय किंवा नाही लिहायचं होतं. पाण्याच्या कडेला मी वाकले, झाकण काढलं, बाटली तिरकी केली. बारीक धार गंगेत गेली, तिचा आवाजही झाला नाही. काजळाची रेघ ओली होऊन माझ्या बोटाला लागली.

आई पाण्याकडे बघत नव्हत्या. त्या बाटलीकडे बघत होत्या. पातळी उतरत गेली तसा माझ्या दंडावरचा त्यांचा हात घट्ट होत गेला, आणि मला त्या दुपारची वाटी आठवली, कोरडी, बोलण्याच्या नादात विसरलेली.

"संपली?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांनी तोंड वळवून घेतलं.

मी बाटली उजेडाकडे धरली. आत काचेला चिकटलेला ओलावा हळूहळू तळाशी उतरत होता. फार तर दोन थेंब. चेहऱ्याला लावायच्या उपयोगाचे ते नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "थोडं आहे अजून." आणि झाकण घट्ट लावलं.